आपल्याच टीमची हुर्यो

शनिवार, १ ऑक्टोबर २०२२

“आपली आहेत म्हणून तर हुर्यो. दुसऱ्यांची असती तर घरी जाऊन जेवलो नसतो का?”

आप्पांचं वाक्य. मी आठ-नऊ वर्षांची, कोल्हापुरात स्टेडियमच्या पायऱ्यांवर त्यांना चिकटून बसलेली. खाली आमच्याच पेठेची टीम खेळत होती. खेळत कसली, फिरायला आल्यासारखी चालत होती. आणि माझे वडील, जे घरात मोठ्यानं खोकतसुद्धा नसत, उभे राहून तोंडाशी दोन्ही हात धरून हुर्यो करत होते. मला लाज वाटली. त्यांचा सदरा ओढून म्हटलं, आप्पा, आपलीच आहेत ना? तेव्हा म्हणाले ते.

आज आठवायचं कारण माझी लेक, सई. गणपतीनंतर इथल्या मराठी मंडळाचा ढोल आमच्याच घरी पडून होता, तो उचलून ती कॉलेजच्या मॅचला घेऊन गेली. सेक्रेटरींचा फोन: “वहिनी, आरतीचा ढोल आहे तो.” म्हटलं, परत येईल. मनात म्हटलं, कोल्हापूरची नात आहे, फुटबॉलला ढोल लागतोच.

वर्ल्डकपमुळे इथली, आखातातली कॉलेजं नोव्हेंबरात बंद, म्हणून लीग याच महिन्यात उरकताहेत. पहिली मॅच जिंकलो. मी आणि माझी मैत्रीण झुबेदा पायरीवर शेजारी. तिचा मुलगा इम्रान कॅप्टन. दंडावरची कॅप्टनची पट्टी त्याने तीनदा वर सरकवली. झुबेदा म्हणाली, “सैल झालीय गो. घरी आला की टाका घालते.”

आणि सई ढोल वाजवतेय, केस सुटलेत, भोवती सुदानी, फिलिपिनो, लेबनीज पोरं तिच्या ठेक्यावर नाचतायत. झु. म्हणाली, “तुझी पोर वाजवतेय की भांडतेय?”

खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले.

गुरुवार, ६ ऑक्टो.

दुसरी मॅचही जिंकली. नवरा, सुधीर, दुखानच्या ऑफिसातून थेट मैदानावर आला, ऑफिसचे बूट घालून. इम्रानने गोललाइनवरून बॉल परत काढला तेव्हा सु. एवढ्या जोरात ओरडला की पुढच्या पायरीवरच्या बाईने मागे वळून पाहिलं.

झु.ने सांदणं आणली होती. थर्मासच्या झाकणातून एकीने प्यायचं, मग दुसरीने. बारा वर्षं असंच.

सईला वर्ल्डकपच्या व्हॉलंटियरचा युनिफॉर्म मिळाला. घालून आरशासमोर किती वेळ. समुद्रकाठच्या कॉर्निशवरचं घड्याळ उरलेले दिवस मोजतंय. सगळ्या रस्त्यांवर झेंडे, खोदलेलं एकदाचं बुजलं. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझा लेख हवाय, ‘वर्ल्डकप आणि आपला अभिमान’. दोन ओळी लिहून बसलेय.

गुरुवार, १३ ऑक्टो.

वाईट दिवस. नीट लिहिते.

मधली एक मॅच हरलो होतो; आजची शेवटची साखळी मॅच. बरोबरी झाली तर आम्ही आणि समोरचे, दोघेही सेमीफायनलला. हरलो तर आम्ही बाहेर आणि आमच्या जागी ती तिसरी, लहानशा कॉलेजची टीम. ती पोरं पायऱ्यांच्या कोपऱ्यात बसून आमची मॅच बघत होती. त्यांच्या हातात काही नव्हतं, बघण्याशिवाय.

मध्यंतरापर्यंत बरा खेळ. ०-०. नंतर हळूहळू कळायला लागलं. आमची पोरं आपल्याच हाफमध्ये बॉल इकडून तिकडे देतायत. समोरचे अडवायलाच येत नाहीत, लांब उभे. कोणी ठरवलं, केव्हा ठरवलं, माहीत नाही, पण ठरलेलं होतं. शेवटची वीस मिनिटं राहिली असतील तेव्हा इम्रानने बॉलवर पाय ठेवला आणि नुसता उभा राहिला. समोर कोणी नाही. बाकीचे कमरेवर हात ठेवून.

ढोल थांबला. एकदम. सईने टिपरू खाली ठेवलं, उभी राहिली आणि “बूऽऽ”.

एकटीच. मग तिच्या बाजूचा. मग सगळ्या पायऱ्या. आपल्याच कॉलेजचे टी-शर्ट घालून, आपल्याच टीमला.

इम्रानने मान वर केली. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसली. आणि त्याने पाय काढला. बॉल घेऊन एकटा पुढे निघाला, कोच बाहेरून हातवारे करत ओरडतोय, हा निघालाच. दोघांना चुकवलं. तिसऱ्याने काढून घेतला. आमची बाकीची पोरं अजून कमरेवर हात ठेवूनच होती. समोरच्यांनी सरळ जाऊन गोल मारला.

१-० हरलो. बाहेर.

कोपऱ्यातली पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. त्यांच्यातला एक गुडघ्यात डोकं घालून रडत होता.

झु. मला न सांगता निघून गेली. थर्मास घेऊन.

शुक्रवार, १४ ऑक्टो.

सकाळपासून झु.चा फोन नाही, मेसेज नाही. शुक्रवारी तिचा मेसेज येतोच, जुम्म्याच्या आधी, गुलाबांचं चित्र. आज नाही.

दुपारी सई रडवेल्या तोंडाने खोलीतून बाहेर आली. इम्रानची कॅप्टनशिप काढली. कोचने टीमच्या ग्रुपवर टाकलं: सांगितलेलं न ऐकणारा कॅप्टन नको.

जेवताना वाद. सु. म्हणाला, “तिकीट काढून आलात तर बू करा. फुकट आलात तर गप्प बसा.”

सई: “बाबा, इट्स माय टीम. दोन वर्षं ओरडतेय मी त्यांच्यासाठी. ते खेळतच नव्हते!”

सु.: “अगं पण हरले ना तुमच्यामुळे!”

सई: “आमच्यामुळे नाही. तो एकटा पळाला म्हणून हरले. बाकीचे दहा जण पळाले असते तर?”

मला वाटतं सु. मनातून खूश होता. भात जरा जास्तच वाढून घेतला त्याने.

मी काहीच बोलले नाही. त्याला कारण आहे.

शनिवार, १५ ऑक्टो.

परवा लिहिताना एक गोष्ट गाळली. स्वतःच्याच वहीत खोटं काय बोलायचं.

मीही केली हुर्यो.

सगळ्या पायऱ्या बू करत होत्या तेव्हा माझं मला कळलं नाही. उभी राहिले, तोंडाशी हात धरले आणि ओरडले, “खेळा की लेको! हुर्योऽऽ!” चक्क कोल्हापुरी. इतक्या वर्षांत तोंडातून न निघालेलं. आजूबाजूच्यांना काय कळणार, त्यांच्या लेखी तोही एक आवाज. त्या अख्ख्या मैदानात ते कळणारी एकच बाई होती आणि ती माझ्या शेजारी बसली होती.

बाकीच्यांचं बू तिने सोडून दिलं असतं. पोरं आहेत, करतात. सईचंसुद्धा सोडून दिलं असतं. पण हे तिच्या भाषेत होतं आणि माझ्या तोंडून होतं आणि तिच्या मुलाला होतं.

आमच्या दोघींच्या मध्ये तिची पर्स होती. ती उचलून तिने मांडीवर घेतली. बस.

खाली बसल्यावर मी त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. तेवढ्यात गोल झाला.

सोमवार, १७ ऑक्टो.

कॉलेजच्या क्रीडा विभागाची ईमेल, सईला. आपल्या खेळाडूंचा अपमान झाला, विद्यार्थ्यांकडून सकारात्मक पाठिंब्याची अपेक्षा आहे. सुरुवात जिने केली तिने लेखी माफी मागावी, नाहीतर टर्म संपेपर्यंत मैदानावर यायचं नाही.

मी म्हटलं, लिहून टाक दोन ओळी. काय बिघडतं?

“आई, आय ॲम नॉट सॉरी.”

म्हटलं, इम्रानसाठी तरी?

“इम्रानला मी वेगळं सांगितलंय. हुर्यो केल्याचं सॉरी नाही, कॅप्टनशिप गेल्याचं सॉरी आहे.”

“मग? तो काय म्हणाला?”

“काही नाही. ही जस्ट वॉक्ड अवे.”

तिच्या तोंडी ‘हुर्यो’ ऐकून चमकले. म्हणजे माझं ओरडणं तिनेही ऐकलं होतं. विषय काढला नाही तिने. माझी लाज झाकली की काय? एकोणीस वर्षांची.

रात्रीच्या जेवणाआधी तिने उत्तर वाचून दाखवलं. इंग्रजीत होतं, मी माझ्यासाठी असं उतरवून घेते: ‘मी बू केलं. पुन्हा अशी मॅच झाली तर पुन्हा करीन. मला मैदानाबाहेर ठेवा, चालेल. पण इम्रानची कॅप्टनशिप काढू नका. बॉलवर पाय ठेवून उभा होता तेव्हा तो कोचचं ऐकत होता. पाय काढला तेव्हा तो आमचा कॅप्टन झाला.’

एक शब्द बदलावासा वाटला. मी लिहिणारी बाई, हात शिवशिवतातच. बदलला नाही. तिचं आहे ते.

आज आप्पा हवे होते. दुसरं काही नाही, तिला नुसतं बघायला.

बुधवार, १९ ऑक्टो.

राहवेना. झु.कडे गेले, नजमा भागात.

त्यांच्या घराखाली तिच्या नवऱ्याचं, सलीमभाईंचं कुलूपकिल्ल्यांचं दुकान. ओळख झाली तीच कुलपामुळे. सई सात वर्षांची, आमच्या अझीझियाच्या फ्लॅटमध्ये आतून अडकली, मी बाहेर. सलीमभाई हत्यारं घेऊन आले, बरोबर झुबेदा. ते कुलूप काढेपर्यंत झु. दाराला तोंड लावून आत रडणाऱ्या सईशी मराठीत बोलत बसली होती. रत्नागिरीच्या घरामागच्या विहिरीत पडलेल्या कोंबडीची गोष्ट. अर्धा तास. दारापलीकडे सई हसत होती.

सलीमभाईंनी दुकानातून हात केला. “या भाभी. वर आहे ती. जरा... तुम्हीच बघा.”

झु.ने दार उघडलं. पाणी दिलं. चहा ठेवला नाही.

मी म्हटलं, चुकलं माझं.

ती म्हणाली, “काय चुकलं? सांग ना. ओरडलीस ते, की मी शेजारी होते ते?”

खरं उत्तर तिने म्हटलेलं दुसरं होतं आणि ते तिला न सांगता कळलं.

“बघ. आपल्या घरातलं भांडण आपण दार लावून करतो की गॅलरीत येऊन? माझं पोर होतं गो ते. तू त्याला लंगोटात बघितलं नाहीस, पण दात पडलेले बघितलेयस. त्याच्या शाळेच्या फॉर्मवर तुझी सही आहे, मी गावी होते तेव्हा.”

म्हटलं, म्हणूनच ओरडले. परका असता तर—

“ते मला नको सांगूस.” हात वर केला तिने. “दुसऱ्या दिवसापासून तो जेवण खोलीत नेतो. पट्टीला टाका घातला होता मी, तिथेच टेबलावर पडलीय. या घरात त्या मॅचचं नाव काढायचं नाही, मी सगळ्यांना सांगितलंय. तुलाही सांगते.”

उठले. जिन्यात इम्रान भेटला, वर येत होता. “सलाम काकू.” भिंतीला टेकून मला वाट दिली. मी तोंड उघडलं, तसा तोच म्हणाला, “खलास काकू. त्या मॅचचं नको.”

बसस्टॉपपर्यंत चालत आले, मग लक्षात आलं गाडी मागेच आहे.

शुक्रवार, २१ ऑक्टो.

चकल्या. पहिला घाणा तुटला, दुसरा बरा.

सु. चकली खात: “तुला नक्की कशाचं वाईट वाटतंय? ओरडल्याचं?”

विचार केला. नाही. ओरडल्याचं वाटत नाही. हेच तर अवघड आहे. तिच्या शेजारी बसून ओरडले, याचं वाटतं. आणि ज्याच्यासाठी ओरडले त्याने ऐकलं, त्याचं त्याला भोगावं लागलं, याचं वाटतं. बाकीच्या दहांनी ऐकूनही पाय हलवला नाही, त्यांचं काय गेलं?

हुर्यो करावी का? करावी, असंच अजून वाटतं. पण हुर्यो करणारा पायरीवर बसलेला असतो, हे आप्पांनी सांगितलं नव्हतं. खाली जो ऐकतो तो एकटा पडतो. मग पायरीवरच्याने निदान खाली उतरून त्याच्याकडे जायला हवं.

आप्पा गेले असतील का कधी? त्या चालणाऱ्या पोरांपैकी कोणाशी बोलले असतील? विचारलं नाही मी कधी.

आणि अभिमान. लेखासाठी दोन आठवडे शोधतेय. पट्टी दंडावर असलेला, कोच ओरडत असताना, सेमीफायनल हातात असताना, पाय काढणारा मुलगा. मला सईचा अभिमान आहेच, तो घरचा आहे, फुकटचा आहे. पण त्या मुलाचा मला जो वाटतोय तो कोणाला सांगू? सांगायचा तर त्यालाच. आणि त्याच्याशी बोलायला बंदी.

सोमवार, २४ ऑक्टो. दिवाळी

पहाटे सु.ने बाल्कनीत कंदील लावला. समोर अस्पायरचा टॉवर झेंड्यांच्या रंगात.

सईच्या हाती झु.कडे फराळाचा डबा पाठवला. दरवर्षीचाच, स्टीलचा, तीन पुडांचा. ती कधी रिकामा परत करत नाही. मीही नाही. ईदला तिचा येतो, माझ्याकडून काहीतरी भरून जातो.

सई तासाभरात परत. “आंटीने लगेच परत दिला. घासून.”

“काय म्हणाली?”

“हॅपी दिवाळी म्हणाली. मला जवळ घेतलं. तुझं काही विचारलं नाही.”

डबा हलका होता. उघडला. वरचे दोन पुड रिकामे. तळाच्या पुडात चमचाभर साखर.

रिकामा परत करायचा नाही म्हणून साखर. त्याहून जास्त द्यायचं नाही म्हणून एवढीच. माझ्या एवढ्या लिखाणात असं एक वाक्य मला जमलेलं नाही.

दुपारच्या चहात तीच घातली.

बुधवार, २६ ऑक्टो.

सईचा निकाल आला. टर्म संपेपर्यंत मैदानावर बंदी, ढोलही आणायचा नाही. इम्रानबद्दल एक अक्षर नाही. सईने ईमेल वाचली, खांदे उडवले, व्हॉलंटियरच्या ट्रेनिंगला निघून गेली. दारातून मागे येऊन म्हणाली, “आई, तू जा हं शुक्रवारी. समवन शुड.”

शुक्रवारी कॉलेजची एक मैत्रीची मॅच आहे, त्याच लहान कॉलेजबरोबर, जे आमच्या जागी पुढे गेलं. इम्रान टीममध्ये आहे. कॅप्टन दुसरा. सईला वाटलं होतं तो खेळणं सोडेल. सोडलं नाही. सलीमभाईंनी सु.ला सांगितलं, रोज पहाटे एकटा पळायला जातो.

बघा. अभिमान वाटावा असं अजून एक.

मंडळाचा लेख आज देऊन टाकला. वर्ल्डकपवर लिहिला, रस्त्यांवर, स्टेडियमवर. ठीक आहे. खरा लेख तो नाही.

गुरुवार, २७ ऑक्टो.

सकाळपासून झु.ला मेसेज लिहितेय. सात वेळा खोडला. लांब झाला की रडका होतो, आखूड झाला की उद्धट. सु. दुखानहून आला, बूट काढता काढता म्हणाला, “फोन कर की सरळ.” फोनवर ती मला बोलू देणार नाही. मी तिच्या जागी असते तर मीही दिलं नसतं.

नाहीच म्हणेल. तिने बंदी घातली तीही मुलासाठीच, आणि त्यात ती चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही. तिच्या पाठीमागून इम्रानला गाठून बोलणं सोपं आहे, उद्या मैदानावर दोन मिनिटांत होईल. ते करणार नाही.

आठव्यांदा लिहिलं. हे इथे उतरवून ठेवते आणि पाठवते:

‘झुबेदा, उद्या मी मॅचला येतेय. सई नसेल. मी ओरडले त्याची माफी मागत नाही, तुला खोटं वाटेल. तुझ्या शेजारी बसून ओरडले, त्याची मागते. आणि एक मागायचंय. मॅच संपल्यावर मला इम्रानशी पाच मिनिटं बोलू दे. त्याच मॅचबद्दल, तुझ्यासमोर. त्याने पाय काढला तेव्हा मला त्याचा किती अभिमान वाटला, ते त्याला माझ्या तोंडून ऐकू दे. तू नको म्हणालीस तर बोलणार नाही. बोलू दे, झुबेदा.’